ट्रंकेतली मेडलं आणि आजीची फाईल

(जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका घरोघरच्या जुन्या कागदांबद्दलच्या प्रश्नांना इथे उत्तरं देतात. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं युद्धकाळाबद्दलची आहेत.)

प्रश्न : ताई, गावाकडचं घर उतरवताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात आजोबांची तीन-चार मेडलं, एक पट्टा आणि अर्ध्या चड्डीतल्या जवानांचा ग्रुप फोटो निघाला. चांदणीसारख्या एका मेडलची रिबन तांबडी-पांढरी-हिरवी आहे. आजोबा ‘इटलीच्या लढाईत होते’ एवढंच आम्ही ऐकत आलो. पलटण कुठली, नंबर काय, कुणालाच माहीत नाही. आजी त्यांच्यामागे पुष्कळ वर्षं होती, पण आम्ही कधी विचारलं नाही. आता घराण्याची माहिती लिहून काढायची आहे. भाऊ म्हणतो, आजोबांवर चार पानं लिही. आजीचं काय लिहायचं, ती तर गावीच होती. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, पुणे (मूळ गाव खटाव तालुक्यात)

उत्तर : रिबननं निम्मं सांगून टाकलंय. तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे सारख्या रुंदीचे पाच पट्टे असतील तर तो ‘इटली स्टार’. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात त्या मोहिमेवर असणाऱ्यांना तो मिळाला. शेजारच्या मेडलची रिबन वाळूच्या रंगाची आणि मधोमध तांबडा पट्टा असलेली निघाली, तर तो ‘आफ्रिका स्टार’. म्हणजे आजोबा त्याआधी उत्तर आफ्रिकेच्या बाजूलाही जाऊन आलेले. रिबन धुऊ नका आणि मेडल ब्रासो लावून घासू नका. तुमच्यासारख्याच एका घरात पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं मेडल दर दसऱ्याला चिंच लावून घासत. त्या मेडलांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. या घरानं भक्तिभावानं पणजोबांचं नाव पुसून काढलं होतं.

सातारा जिल्हा म्हटला की मराठा पलटण, असं आपण धरूनच चालतो. तसं धरू नका. आपल्याकडचे लोक खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होते, सर्व्हिस कोअरमध्ये मोटारी चालवत होते, मेडिकलमध्ये स्ट्रेचर उचलत होते. पहिल्या महायुद्धानंतर मोडलेली महार पलटण ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला पुन्हा उभी राहिली, तिच्यातही गेले. ग्रुप फोटो भिंग घेऊन बघा. खांद्यावरची पितळी अक्षरं आणि टोपीचा बिल्ला वाचता आला तर पलटण कळेल. नंबर मात्र फोटोत मिळत नाही, आणि नंबराशिवाय पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस शीट रोल (जवानाच्या नोकरीची नोंद) शोधत नाही. त्यांचंही चुकत नाही. एकाच आडनावाचे, एकाच नावाचे किती जण एका पलटणीत असतील, विचार करा.

तर नंबर मिळवायचा कुठून? तुमच्या आजीच्या फायलीतून.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांवर गेली होती. लढाई संपल्यावर त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवलं. सर्व्हिस थोडी झालेली, म्हणून पेन्शन नाही. हातात डिस्चार्जचा कागद आणि मेडलं, बस्स. पुढे राज्य सरकारनं दुसऱ्या महायुद्धातल्या अशा बिनपेन्शनवाल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन सुरू केलं, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मिळतं. आजीनं तो अर्ज केला असण्याची शक्यता दांडगी आहे. त्या फायलीत आजोबांचा नंबर, हुद्दा, पलटण, भरती आणि डिस्चार्जच्या तारखा, सगळं असतं. फाईल मात्र लागते बाईच्या नावानं. नातू येतात, आजोबांचं नाव सांगतात आणि ‘नाही सापडत’ ऐकून परत जातात. तुम्ही आजीचं नाव, गाव आणि तालुका सांगा. मग तो नंबर घेऊन पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा असतील तर बेळगावला.

आमच्या टेबलापुढं अशा किती जणी येऊन बसल्या. त्यातल्या एकीजवळ कागद म्हणून काहीच नव्हतं. डिस्चार्ज बुक घर गळून भिजलेलं, त्याचा लगदा झालेला. मी म्हटलं, आजी, नंबराशिवाय काही होणार नाही. त्यांनी डोळे मिटले आणि आकडे म्हणायला लागल्या. नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण, ओळीनं. मी बेळगावला पत्र घातलं; नंबर बरोबर निघाला. युद्धाच्या काळात जवानाच्या पत्त्यात गाव-देश नसायचा, नंबर आणि पलटणच असायची. बाई निरक्षर. गावच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायचं तर पत्ता तोंडपाठ पाहिजे. नवरा गेला, घर गळलं, कागद गेला, आणि पत्ता राहिला. आता तुमच्या भावाला विचारा, घरी असलेल्या बाईनं काय केलं.

तिचं लिहायचं म्हणजे ‘तिनं मोठा त्याग केला’ असं लिहायचं नाही. तसं वाक्य कुठल्याही बाईबद्दल लिहिता येतं. पैशापासून सुरुवात करा. शिपायाचा पगार लढाईच्या सुरुवातीला महिना १६ रुपये, पुढं १८. त्यातला काही भाग घरच्या नावावर लावून दिलेला असायचा आणि तो मनीऑर्डरनं यायचा. ती कुणाच्या हातात पडायची, आजीच्या, सासूच्या की थोरल्या दिराच्या? हे विचारलं की घरातलं निम्मं राजकारण बाहेर येतं. तेवढ्या पैशांत काय यायचं हेही विचारा, कारण लढाईच्या मधल्या वर्षांत धान्य, कापड, रॉकेल सगळ्याचेच भाव चढले होते. तांबं लढाईकडे वळलं म्हणून १९४३ पासून मधोमध भोक पाडलेला पैसा निघाला. तुमच्या ट्रंकेच्या तळाशी एखादा असेलच. पोरींच्या करदोट्यात ओवायचे लोक.

मग शेताचं विचारा. तरणा गडी पलटणीत, म्हणजे पेरणीला तिफणीमागं कोण चाललं? बैल एकच उरला असेल तर पैरा (बैलांची देवघेव) कुणाशी होता? इर्जिक (गावानं मिळून एकाच्या शेतात केलेलं काम) घातली तर किती औतं आली, आणि त्या दिवशी जेवायला काय केलं होतं? फौजीच्या घरची नांगरट भावकीनं किंवा आळीनं करून दिली, असं पुष्कळ गावांत ऐकायला मिळतं. त्याचा सरकारदरबारी कागद झालेला नाही, म्हणून तुम्हीच लिहायचं. सोन्याचांदीचं विचारायला गेलात तर म्हाताऱ्या गप्प होतात. जेवणाचं विचारलं की बोलतात. तुमच्या आजीच्या वयाचं आता कुणी नसेल, पण तिच्या धाकट्या नणंदा-जावा, माहेरची भाचवंडं असतील. या दिवाळीत जा, पुढच्या दिवाळीची वाट बघू नका.

आजोबांच्या चार पानांसाठीही थोडं देते. ते मराठा पलटणीत असतील, तर तिच्या दोन बटालियनी इटलीत चांगल्याच गाजल्या. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर मशीनगन चालली आणि त्यांच्याशिवाय सगळे पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथंच मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातले. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून आणि पाण्यातून उचलून आणलं आणि मग मशीनगनची ठाणी बंद पाडली. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही मिळाला; ते अहमदनगर जिल्ह्यातले, आणि जिवंत परतले. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावानं घाडग्यांच्या नावानं सूर्यतबकडीचं स्मारक उभारलं. हे सगळं लिहा, पण आजोबा तिथं होते असं कागद मिळाल्याशिवाय लिहू नका. दोन्ही बटालियनी वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये होत्या. शेजारच्या बटालियनचं शौर्य आपल्या आजोबांच्या अंगाला चिकटवलेल्या वह्या मी भरपूर पाहिल्यात.

फोटोतले काही जण परतले नसतील. त्यांची नावं कळली तर कॉमनवेल्थ युद्ध-समाधी आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. इटलीत फोर्ली, सांग्रो आणि कासिनो इथं आपल्या माणसांची नावं आहेत. दहन झालेल्यांची नावं स्मारकावर कोरलेली असतात, तेव्हा ‘कबर सापडली नाही’ म्हणून शोध थांबवू नका.

प्रश्न : तुम्ही दर वेळी या जुन्या फौजींचं कौतुक करता. ही माणसं ब्रिटिशांच्या पगारावर ब्रिटिशांचं साम्राज्य राखायला गेली होती. त्याच वेळी आमचे आजोबा प्रतिसरकारात भूमिगत होते. अभिमान कुणाचा बाळगायचा, ते एकदा स्पष्ट लिहा.
— एक वाचक, वाळवा

उत्तर : तुमच्या आजोबांचा तर बाळगाच. पण जरा आपल्याच भागातल्या भावक्या तपासून बघा. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ज्या सातारा जिल्ह्यात चाललं (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्यातच), तोच जिल्हा भरतीचाही आगर होता. एका चुलत्याची मनीऑर्डर बगदाद-काहिराहून यायची आणि दुसऱ्या चुलत्याला त्याच घराच्या कणगीमागं लपवलं जायचं, अशी घरं होती. भाकरी मात्र दोघांच्याही एकीच थापत होती. तिला तुम्ही कुठल्या रांगेत बसवणार?

पलटणीतही सगळं एका रंगाचं नव्हतं. आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडचे, आणि आधी होते मराठा पलटणीचेच अधिकारी. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर बंड केलं, तेव्हा त्यांच्यासाठी गिरण्या बंद पडल्या, त्या गिरण्यांत कोकणातली आणि घाटावरचीच माणसं होती.

भरतीला का गेले, याचं उत्तर पुष्कळदा जमिनीत सापडतं. पावसावरचा चार-पाच एकरांचा तुकडा, खाणारी तोंडं दहा, सावकाराचं व्याज. मी कौतुक करते ते साम्राज्याचं नव्हे. १९१६ साली आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाऱ्याला तुर्कांच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. धान्य संपलं, घोड्याचं मांस खायची पाळी आली, २९ एप्रिलला शरणागती झाली आणि पुढं कैदेत वाळवंटातून चालत नेताना किती गेले. त्यांना ‘साम्राज्याचे चाकर’ म्हणून निकालात काढणं मला जमत नाही, आणि ‘देशासाठी लढले’ असं छापणंही जमत नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. त्यांची नोंद करताना मी ‘पोटासाठी गेले, इमानानं लढले’ एवढंच लिहीन. तुम्हाला यापुढचं लिहायचं असेल तर खुशाल लिहा.

प्रश्न : आमचे पणजोबा लालबागला राहत आणि गिरणीत जॉबर (कामगारांचे मुकादम) होते. त्यांच्या सामानात ‘ए.आर.पी.’ अशी इंग्रजी अक्षरं असलेला बिल्ला सापडला. ते लष्करात होते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लष्करात नव्हते. ए.आर.पी. म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावासाठी उभारलेलं दल. दिवे मालवले की नाही बघत चाळीचाळीतून हिंडायचं, भोंगा झाला की माणसांना आडोशाला न्यायचं, वाळूच्या बादल्या भरून ठेवायच्या, असं त्यांचं काम. जपान्यांनी एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, पुढं कलकत्त्यावरही. मुंबईवर एकही पडला नाही. त्यामुळे या वॉर्डनांची चाळीत थट्टाच व्हायची. ‘आला बत्तीवाला’ म्हणायचे, असं माझे गिरगावातले मामा सांगत.

मग १४ एप्रिल १९४४ उजाडला. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ बोट लागलेली. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, वर कापसाच्या गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन स्फोट झाले. जळता कापूस वस्तीवर पडला, गोद्या आणि धान्याची कोठारं पेटली. आदल्याच वर्षी रेशनिंग सुरू झालेल्या शहरात धान्य जळालं म्हणजे काय, ते समजून घ्या. आठशेच्या आसपास माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. जखमींना हलवणं, पेटलेल्या भागातून माणसं बाहेर काढणं यात वॉर्डनही होते. पणजोबा त्या दिवशी कुठं होते, हे बिल्ला सांगणार नाही. घरात ‘गोदीच्या स्फोटात’ अशी सुरुवात असलेली एखादी गोष्ट आहे का, ते आधी विचारा. लालबागकरांच्या घरात ती बहुधा असतेच.

प्रश्न : आजीनं १९६२ च्या लढाईत पाटल्या दिल्याची पावती सापडली आहे. तिचे आज पैसे मिळतील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पावतीवर ‘राष्ट्रीय संरक्षण निधी’ असेल तर ते दान आहे. परत काहीच नाही, तसं ठरलेलंच होतं. ‘गोल्ड बाँड’ असेल तर गोष्ट वेगळी. १९६२ चे बाँड १९७७ साली फिटायचे होते आणि पैशांत. १९६५ च्या लढाईनंतर निघालेले बाँड १९८० साली फिटले, त्यात सोन्याच्या बदल्यात सोनंच मिळायचं होतं. ज्यांनी बाँड घेतले त्यांनी बहुधा ते मुदतीत वटवले. तुमच्याकडे दानाचीच पावती दिसते.

त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य घरोघरी झालं. मी शाळेत होते. आम्ही पोरी खाकी लोकरीचे मोजे विणत होतो; माझ्या मोज्याची टाच इतकी वाकडी आली होती की बाईंनी उसवून स्वतः विणली. निधीच्या सभेत सोनार तराजू घेऊन बसायचा. गंमत नाही, वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, आणि त्याच सोनारांचे हात रिकामे झाले. दानाच्या यादीत त्यांचं नाव कुठंच नाही. तुमच्या पावतीवर सोनाराची सही किंवा वजन असेल तर तेही उतरवून ठेवा.

प्रश्न : बाबा म्हणतात, १९७१ मध्ये त्यांनी खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि प्रत्येक पत्रावर जादा तिकीट लावावं लागायचं. कागदाचं पटतं, पण तिकिटाचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही खरं. मोटारींचे दिवेसुद्धा अर्धे काळे रंगवायचे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं वेगळं तिकीट सक्तीचं झालं आणि ते मार्च १९७३ पर्यंत चाललं. सुरुवातीला नेहमीच्याच तिकिटावर ‘निर्वासित साहाय्य’ अशा अर्थाचा शिक्का मारून काम भागवलं, मग त्यासाठी खास तिकीट निघालं. बाबांच्या जुन्या पत्रांत शोधा. सापडलं तर कात्रीनं कापून काढू नका, पाकीट आहे तसं ठेवा. तारखेचा आणि गावाचा शिक्का निम्मा तिकिटावर आणि निम्मा पाकिटावर असतो.